एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये: आमच्या वर्गातलं स्टोरीवीव्हर

कर्नाटकातल्या मराठी शाळेसाठी डिजिटल साधन शोधायला बसलं की पहिल्याच पायरीवर अडायला होतं. मराठीत तयार मिळतं ते महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचं, आणि कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचं मिळतं ते कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. आमची पुस्तकं मराठीत छापलेली असतात, पण ती येतात बंगळुरूच्या पाठ्यपुस्तक सोसायटीकडून. त्यामुळे भाषा जुळली तर धडा जुळत नाही, धडा जुळला तर भाषा नाही. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, दोन्ही माझ्याकडे. ही अडचण सोडवता सोडवता मी ज्या साधनापाशी येऊन थांबले, ते म्हणजे स्टोरीवीव्हर. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत माझ्यासारख्याच खोलीत उभे राहणारे शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी टीव्हीबद्दल. आमच्या शाळेला एका देणगीदाराने ३२ इंची टीव्ही दिला. त्याच्यासोबत एका कंपनीचा तयार धड्यांचा डबा होता. सातवीपर्यंतचं सगळं मराठीत आहे, असं बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. चौथीचा परिसर अभ्यास उघडला, तर समोर शिवछत्रपतींचा इतिहास. महाराज आमच्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. इकडच्या गावागावांत त्यांचा पुतळा आहे, घराघरात फोटो आहे. पण आमच्या चौथीच्या पुस्तकातले धडे वेगळे, चाचणीतले प्रश्न वेगळे. गणिताचे व्हिडिओ तेवढे चालले. पुढे वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत सगळ्यांनी मिळून नको म्हटलं. डबा कपाटात गेला, टीव्ही भिंतीवर राहिला. त्या रिकाम्या टीव्हीवर काय दाखवायचं, या शोधात मला गोष्टी सापडल्या.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सचं ऑनलाइन भांडार. प्रथम बुक्स ही बंगळुरूची ना-नफा प्रकाशन संस्था, २००४ पासूनची. ८ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाला, त्यांनी स्टोरीवीव्हर सुरू केलं. आज तिथे ३०० हून अधिक भाषांत मुलांची सचित्र पुस्तकं आहेत. सगळी मोफत, आणि नुसती वाचायला मोफत नव्हेत. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे ती उतरवून घेता येतात, छापता येतात, वाटता येतात, भाषांतरित करता येतात, मजकुरात बदलसुद्धा करता येतो. अट एवढीच, की मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादकाचं नाव तिथे राहिलं पाहिजे. सरकारी शाळेच्या शिक्षकाला या परवान्याचं मोल फार आहे. एक प्रत आणून तिच्या चाळीस प्रती काढल्या तर कुणी विचारेल का, ही धास्ती इथे नाही.

आणि गोष्टीला अभ्यासक्रम नसतो. मांजर हरवलं, पाऊस आला, आजी रागावली, हे बेळगावातही तसंच आणि साताऱ्यातही तसंच. धड्यांच्या डब्यापाशी जो तिढा पडत होता, तो गोष्टीपाशी पडतच नाही.

पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली आहेत. पहिल्या पातळीत २५० पर्यंत शब्द, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. माझा अनुभव असा, की इयत्ता आणि पातळी जुळवायला जाऊ नये. पाचवीतली काही मुलं पहिल्या पातळीवर अडखळतात आणि चौथीतल्या दोघी-तिघी तिसरी पातळी एका दमात वाचतात. शिवाय टीव्हीचा स्वतःचा एक हिशोब आहे. पहिल्या दोन पातळ्यांची अक्षरं मागच्या बाकावरून दिसतात. तिसरीपासून एका पानावर मजकूर इतका येतो, की मागची मुलं डोळे बारीक करतात. तिसरी पातळी टीव्हीवर लावूच नये, ती कागदावरच द्यावी.

आता कामाची गोष्ट, कारण इथेच पुष्कळांची सुरुवात अडते. आमच्याकडे शाळेत इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलची रेंज, आणि जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सगळी तयारी मी खानापुरात घरी करते. गोष्ट पीडीएफमध्ये उतरवून घ्यायची. बऱ्याच टीव्हींना पेन ड्राइव्हवरची पीडीएफ उघडता येत नाही, फोटो मात्र उघडतो. तेव्हा मोबाइलवरच्या एखाद्या मोफत ॲपने पीडीएफच्या पानांचे फोटो करायचे, त्यांना ०१, ०२, ०३ अशी दोन आकडी नावं द्यायची आणि एका गोष्टीचा एक फोल्डर करून पेन ड्राइव्हवर टाकायचा. नुसतं १, २, ३ लिहिलं तर काही टीव्ही १ नंतर १० दाखवतात आणि गोष्टीचा शेवट आधी येतो. एवढं केलं की शाळेत इंटरनेट लागत नाही, मोबाइल जोडायला लागत नाही, वायर शोधायला लागत नाही. रिमोटचा उजवा बाण दाबला की पान उलटतं. ते काम रोज नव्या मुलाकडे असतं, आणि त्या कामासाठी काही मुलं सुट्टी न घेता येतात, हे मी पाहिलं आहे.

व्हिडिओपेक्षा हे स्थिर पान मला शंभर पटींनी बरं वाटतं. व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही. मुलं टक लावून बघतात, पण त्यांची तोंडं बंद असतात. चित्राचं पान थांबतं. कोपऱ्यातली कोंबडी कुणालातरी दिसते, तो उठून दाखवतो, दुसरा म्हणतो ती मागच्या पानावरही होती, मग सगळे मागचं पान मागतात. या बोलण्यासाठी मी पहिल्या दिवशी मजकूर कापून नुसत्या चित्रांचा फोल्डर लावते. गोष्ट मुलांनी सांगायची, त्यांच्या बोलीत, त्यांना वाटेल तशी. दुसऱ्या दिवशी मराठी मजकुरासह. तोवर प्रत्येकाला आपली गोष्ट खरी की पुस्तकातली, याची उत्सुकता लागलेली असते आणि वाचायला सांगावं लागत नाही.

मग चार-पाच दिवसांनी तीच गोष्ट कन्नडमध्ये. स्टोरीवीव्हरवर गोष्ट उघडली की ती आणखी कुठल्या भाषांत आहे ते तिथेच दिसतं, आणि प्रथम बुक्सच्या पुष्कळ पुस्तकांना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. पहिल्यांदा मी कन्नड पान लावलं तेव्हा चौथीतली एक मुलगी ओरडली, “बाई, ही तर त्या दिवसाचीच गोष्ट की!” अक्षरं वाचता येत नव्हती, पण या पानावर काय लिहिलं असणार हे वर्गाला माहीत होतं. ‘बेक्कु’ म्हणजे मांजर हे मी सांगितलं नाही. ज्या ज्या पानावर मांजर आहे तिथे ते अक्षरांचं जोडकं आहे, हे मुलांनीच हेरलं. कन्नडच्या पाठ्यपुस्तकात मूल आधी अक्षर शिकतं, मग शब्द, मग वाक्य, आणि अर्थ सगळ्यात शेवटी हाती येतो. इथे अर्थ आधीच हातात असतो. आपली वर्णमाला आणि कन्नडची वर्णमाला बहुतेक एकाच क्रमाने जाते, त्यामुळे एकदा धीर आला की अक्षरं पटापट लागतात.

अवघड जातं ते कानाला. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन वेगळे स्वर आहेत, ओचंही तसंच. आपल्या मुलांना तो फरक ऐकूच येत नाही. ए आखूड म्हटला तर ‘बेळे’ म्हणजे पीक, लांबवला तर डाळ. हे छापील पानावरून शिकवता येत नाही, आवाज लागतो. स्टोरीवीव्हरवर काही गोष्टी आवाजासह आहेत, वाचलं जाणारं वाक्य पडद्यावर ठळक होत जातं. तरी आम्ही दुसरी वाट धरली. आमच्याकडे कन्नड शिकवणारे सर विजापूरकडचे. त्यांनी गोष्टी वाचल्या, मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. पुस्तकातलं कन्नड प्रमाण, आणि खानापूरच्या बाजारात किंवा बसमध्ये मुलं ऐकतात ते उत्तर कर्नाटकाचं. सर आधी पुस्तकातलं वाक्य वाचतात आणि मग “आमच्याकडं असं म्हणतात” म्हणून तेच वाक्य बोलीत सांगतात. ओळखीच्या माणसाचा आवाज टीव्हीतून आला की मुलं त्याच्यामागोमाग म्हणतात, हेही एक कारण.

हे सुरू झाल्यावर एका पालकांनी मला गेटवर थांबवून विचारलं, “बाई, पोरांस्नी मराठी शाळेत घातलाव आम्ही. टीव्हीवर कन्नड कशाला दाखवतासा?” हा प्रश्न सीमाभागात सहज विचारलेला नसतो. त्यामागे काय काय आहे ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्या पालकांचा राग मला परका नाही. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर कर्नाटकात शिकणाऱ्या मुलाला कन्नड शिकल्यावाचून गत्यंतर नाही. तालुका ऑफिसचा फॉर्म, बसचा बोर्ड, दवाखान्याची चिठ्ठी कन्नडमध्ये असते. आमच्या गावातून मुलं मराठी शाळा सोडून जातात ती मराठी नको म्हणून जात नाहीत. पुढे कन्नडमध्ये मागे पडेल, कुठेच धड राहणार नाही, या भीतीने आई-वडील सकाळी इंग्रजी शाळेच्या व्हॅनजवळ उभे राहतात. मराठी शाळेतच, मराठीच्या आधाराने, मूल कन्नड वाचायला शिकलं तर ती भीती कमी होते आणि मूल मराठी शाळेत राहतं. कन्नडमुळे मराठी मागे सरेल असं मला वर्गात तरी दिसलेलं नाही. एक गोष्ट दोनदा वाचणारं मूल मराठीच जास्त वाचतं, कारण कन्नड पान कळण्यासाठी ते मराठी पानाकडे परत परत येतं. त्या पालकांना मी वर्गात येऊन बसायला सांगितलं. ते आले, मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसले. त्यांचा मुलगा अजून आमच्याच शाळेत आहे.

मराठीचाही एक प्रश्न आहे, आणि तो मला कन्नडइतकाच महत्त्वाचा वाटतो. घाटाकडच्या गावांतली मुलं कोकणी वळणाचं मराठी बोलतात, बेळगावच्या बाजूची “पाऊस पडायलाय” म्हणतात. पुस्तकातलं मराठी त्यांना थोडं परकंच वाटतं. स्टोरीवीव्हरच्या परवान्याने इथे दार उघडलं. एक पहिल्या पातळीची कन्नड गोष्ट मी आणि सरांनी वर्गात बसून मराठीत आणली. भाषांतराच्या पानावर समोर मूळ मजकूर राहतो, शेजारच्या चौकटीत आपण लिहायचं. एकेक पान पडद्यावर दाखवायचं, सर अर्थ सांगणार, मुलं आपल्या बोलीत वाक्य करणार, मी टाइप करणार. एका वाक्यावरून चौथी आणि पाचवीत अर्धा तास वाद झाला, कारण दोन गावांत ते दोन तऱ्हांनी म्हणतात. तो अर्धा तास माझ्या मते त्या महिन्यातला भाषेचा सगळ्यात चांगला तास होता. ही बोलीतली आवृत्ती आम्ही वर्गापुरती ठेवली आणि प्रमाण मराठीतली तिच्या जोडीला. दुबळ्या वाचकाला आधी बोलीतली देते, मग दुसरी. आपल्या घरातलं वाक्य छापलेलं बघून जे मूल वर्षभर गप्प होतं, ते मोठ्याने वाचतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवताना ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले तेही आपल्या वर्गाची गरज ओळखून. बाहेरून आलेलं साधन जसंच्या तसं वापरायचं नसतं, शिक्षकाने त्यात हात घालायचा असतो. ते करू देणारं साधन मिळणं ही खरी अडचण, आणि स्टोरीवीव्हर ते करू देतं.

वीज गेली तर काय, हे आमच्याकडे विचारावंच लागतं. जूनपासून पुढे पश्चिम खानापुरात पाऊस कसा लागतो ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या कागदी प्रती असायलाच हव्यात. खानापुरात झेरॉक्सच्या दुकानात एका कागदावर दोन पानं घेऊन काळ्या-पांढऱ्या प्रती काढते आणि मध्ये स्टेपल करते. रंगीत प्रत एकच काढते, तिला लॅमिनेशन. बाकीच्या प्रतींत रंग मुलं भरतात. कागदाचा खर्च एसडीएमसीने उचलला. त्यापेक्षा बिनखर्चाची एक युक्ती सरांनी सुचवली: मुलांनी वहीची पानं शिवून स्वतःचं पुस्तक करायचं, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, चित्र स्वतःचं. यातली काही पुस्तकं आम्ही ग्रामपंचायतीच्या अरिवु केंद्रात, म्हणजे वाचनालयात, ठेवली आहेत. तिथे मराठी बालपुस्तकांची वाणच होती.

आता कुणाला हे उपयोगी पडणार नाही तेही सांगते. इथे धडे नाहीत, चाचण्या नाहीत, गुणांचा तक्ता नाही. सीआरपींना किंवा बीईओंना, म्हणजे केंद्राच्या आणि तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांना, दाखवायला आकडे हवे असतील तर ते तुम्हालाच वहीत ठेवावे लागतील. धड्यांसाठी दीक्षा आहे. एनसीईआरटीचं हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ पासून चालू आहे. पुस्तकावरचा कोड स्कॅन झाला नाही, तर त्याच्या खालची सहा अक्षरं टाइप करूनही तिथला मजकूर उघडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्या मुलांना मी गूगलचं रीड अलाँग सांगते, त्यात मूल मराठीत मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून घेतं. पण वर्गातला मुख्य वेळ मी गोष्टींनाच देते.

निवड करायला वेळ लागतो, हे मान्य करूनच यात पडावं. स्टोरीवीव्हरवर कुणीही लिहू शकतं, कुणीही भाषांतर करू शकतं. त्यामुळे प्रत्येक पुस्तक शिक्षकाने आधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून बघायलाच हवं. भाषा आणि पातळी आधी निवडावी, मग शेवटच्या पानावर प्रकाशक आणि अनुवादकाचं नाव बघावं. प्रथम बुक्सने स्वतः काढलेल्या पुस्तकांपासून सुरुवात केली तर सोपं जातं, चित्रंही सुरेख असतात. विज्ञानाच्या गोष्टी वेगळ्या शोधाव्यात. पाचवीला पाणी, कीटक, आकाश यांवरच्या गोष्टी परिसर अभ्यासाच्या आधी दाखवल्या, तर धड्यातले शब्द ओळखीचे होऊन येतात. सहावी-सातवीसाठी मात्र मराठीत निवडायला बसलं तर मोठ्या मुलांच्या मनाजोगतं थोडंच हाती लागतं. तिथे त्यांना वाचक न ठेवता अनुवादक करावं. आमच्याकडे पाचवी झाल्यावर मुलं शेजारच्या गावात उच्च प्राथमिकला जातात. तिथल्या बाईंनी सातवीच्या मुलांकडून कन्नडमधून मराठीत दोन गोष्टी करून घेतल्या आणि आमच्या चौथीला पाठवल्या. खाली अनुवादक म्हणून सातवीच्या वर्गाचं नाव होतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दोन्ही भाषांत असलेली पहिल्या पातळीची एकच गोष्ट घ्यावी आणि आठवडाभर तीच चालवावी. कन्नडच्या सरांना किंवा बाईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं, त्यांच्या तासाला नुसता टीव्ही उसना देऊन भागत नाही. आमच्या फोल्डरमध्ये मराठी-कन्नड जोड्या लावून, पानांना क्रमाने नावं देऊन ठेवल्या आहेत. खानापूर-बेळगावच्या कुणा शिक्षकाला हव्या असतील तर रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन यावं.